दादांना उचलणारा माणूस

ज्या माणसानं माझ्या वडलांची पाठ मोडली, तोच माणूस पुढं वीसेक वर्षं रोज सकाळी त्यांना उचलायला आमच्या घरी येत होता. भोरमध्ये मी हे कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, "वा, केवढं मोठं मन!" कुणाचं मन, ते मात्र कुणी विचारत नाही. मी त्या घरात वाढले. मोठं मन तिथं कुणाचंच नव्हतं.

आमचं गाव वेल्ह्याच्या बाजूला, डोंगराच्या पोटाशी. भाताची खाचरं एकाखाली एक उतरत गेलेली. वरचं खाचर आमचं, खालचं त्या माणसाच्या घरचं. लावणीच्या दिवसांत वरच्यानं पाणी सोडलं तरच खालच्याचा चिखल होतो. त्या वर्षी पावसानं मधेच ओढ दिली होती आणि दादांनी पाणी अडवून धरलं होतं. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी ते हक्कानं अडवलं की आडमुठेपणानं, यावर गावात अजून दोन मतं आहेत. तो तेव्हा पंचविशीतला, तालमीत कमावलेलं अंग, आणि बहुतेक वेळ प्यायलेला. बांध फोडायला पहार घेऊन आला. दादा म्हणाले, "फोड की. तुझ्या बापाला कवा जमलं न्हाई, तू फोडतुयास व्हय?" आणि त्याच्याकडं पाठ करून वाकले, बांधाचा दगड सारखा करायला.

मी दुसरीत होते. भाकरीचं फडकं घेऊन बांधावर उभी होते. पहार पाठीत बसली तेव्हा दादा ओरडले नाहीत, हे मला पक्कं आठवतं. ओढ्यावर पाणी प्यायला माणूस बसतो तसे ते गुडघ्यांवर बसले आणि मग चिखलात तोंडावर गेले. पाय हलेनात, म्हणून त्यांना वळता येईना. त्यांना उताणं केलं तेही त्यानंच. पहार टाकली, दादांच्या नाकातोंडातला चिखल बोटांनी काढला, आणि मग बाजूला जाऊन ओकला.

जीपमधून नसरापूर, तिथून पुणे. दादा जगले. कमरेखालचं अंग मात्र मेलं ते मेलंच.

कोर्टानं त्याला सात वर्षं सांगितली. घरच्यांनी मुंबईला अपील केलं, जामीन झाला आणि तो गावात परत आला. अपील तिकडं पडून राहिलं. आम्हाला वाटलं, वर्षभरात काय ते कळेल. माझी दहावी झाली, कॉलेज झालं, लग्न झालं, भोरला नोकरी लागली, तरी निकाल आला नव्हता.

तो आमच्या घरात पहिल्यांदा आला तो लग्नसराईतला दिवस होता. सगळं गाव टेम्पो भरून किकवीला लग्नाला गेलेलं. दादा खाटेवरून घसरले आणि चुलीशेजारी पडले. आईनं काखेतून ओढून बघितलं, मी पाय धरून बघितले. जड माणूस, आणि खालचं अंग नुसतं पोत्यासारखं. आम्ही धापा टाकत असताना वास आला. चुलीतून पडलेला निखारा दादांच्या पोटरीखाली होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. ते आईला शिव्या देत होते, तिला जोर नाही म्हणून. पोटरी भाजते आहे हे त्यांना आमच्या तोंडाकडं बघून कळलं.

आई बाहेर धावली. वाटेवर तो एकटाच होता. लग्नाचं आवतण त्याला कुणी दिलं नव्हतं. आई एवढंच म्हणाली, "चल."

त्यानं वाकून दादांना उचललं, लहान मूल उचलावं तसं. दादा त्याच्या तोंडावर थुंकले. त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते, त्यामुळं थुंकी गालावरून ओघळत राहिली. त्यानं दादांना खाटेवर नीट ठेवलं, पाय सरळ केले, मग शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाराबाहेर येऊन उभा राहिला. आई म्हणाली, "जा बाबा, पुन्यांदा यायचं काय काम न्हाई." आतून दादांचा आवाज आला, "येऊ दे त्याला. ज्यानं मोडलं त्यानंच धुवायचं."

त्या दिवसापासून त्यानं दारूला हात लावला नाही. गावात लोक पुढं हे पोरांना सांगायचे. आमच्या घरात त्याचं कौतुक कधी झालं नाही. तो यायचा, दादांना उचलून मोरीत न्यायचा, धुवायचा, पुसायचा, अंथरूण बदलायचा, त्यांना ओट्यावर आणून बसवायचा. संध्याकाळी परत आत. दादांनी त्याचं नाव एकदाही घेतलं नाही. ते त्याला पहार म्हणायचे. आणि पहार बाईमाणूस असते, म्हणून बोलायचेही तसेच. "पहार आली का गं?" "आज पहारीला उशीर झाला." "ए, नीट धर, गंजलीस का?" तो हसायचा नाही, चिडायचाही नाही. मी एकदा त्याला काका म्हणाले तर दादांनी मला जवळ बोलावलं आणि कानाखाली दिली. "आपला काका व्हय तो? कुणाचा भाऊ? माझा?" तेव्हापासून घरात तो नुसता 'तो' झाला. इथं लिहितानाही मी तेच करते आहे, हात दुसरं काही लिहायला तयार नाही.

दादा काही गोष्टी मुद्दाम करायचे. धुवून, कोरडं करून, स्वच्छ चादर घातली की तिथंच घाण करायचे आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहायचे. खालचं काही कळत नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं खरं असेल. पण आई म्हणायची, त्यांना वेळ बरोबर साधता येते. तो पुन्हा पाणी आणायचा.

मला बघायला कामथडीहून मंडळी आली तेव्हा दादांनी त्याला हाक मारली. त्यानं दादांना उचलून बाहेर आणलं. पाहुण्यांच्या हातात पोह्याच्या बश्या होत्या. दादा त्याच्या हातांतूनच म्हणाले, "ही आमची पहार. हिनंच मला असा केला. आता बघा कशी गरीब गाय झालीय." पाहुण्यांनी पोहे तसेच ठेवले. तो दादांना धरून मधोमध उभा राहिला, कारण कुठं ठेवायचं ते दादांनी सांगितलं नव्हतं. ते स्थळ गेलंच. दादा त्या रात्री पोटभर जेवले.

त्याची बायको कधी आमच्या दारात येत नसे. पण नळावर आईला एकदा म्हणाली, "माज्या लेकराला त्यानं कवा कडेवर घेतलं न्हाई. तुमच्या मालकाला रोज घेतोय." आई म्हणाली, "मग नेऊन ठेव त्याला घरात. माझा उठून चालाय लागंल का?" दोघी हंडे भरून आपापल्या वाटेनं गेल्या.

माझ्या कॉलेजच्या एका उन्हाळ्यात दादांनी हट्ट धरला, गुंजवणीत पोहायचं. तो त्यांना पाठीवर घेऊन नदीवर गेला, मी कपडे घेऊन मागं. पाण्यात गेल्यावर दादा हलके झाले. मी त्यांना कितीतरी वर्षांनी उभं बघितलं, म्हणजे पाण्यात उभं, त्याच्या हातांच्या आधारानं. ते हसत होते. मग हसणं थांबलं आणि ते काहीतरी बोलले. तो नुसता मान हलवत राहिला. दादांचा आवाज चढला तेव्हा मला ऐकू आलं.

"सोड म्हनतो ना. सोड. तुजी बी सुटका हुईल."

"न्हाई."

"आरं, माजं मी मागतोय. पोरगी बघतीया, कुणी तुला काय म्हननार न्हाई. हात निसटला म्हन."

"न्हाई," तो म्हणाला, आणि दादांना छातीशी घट्ट धरून पाण्याबाहेर आला. दादा त्याच्या खांद्याला चावले. रक्त आलं. काठावर त्यानं त्यांचं अंग पुसलं, कपडे घातले, पाठीवर घेतलं.

बरेच दिवस दादा कुणाशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा आईला म्हणाले, "दोनदा मारलं त्यानं मला. येकदा पहारीनं, येकदा न सोडून." दुसऱ्या सकाळी तो आला तसं पुन्हा, "पहार आली का?"

मग तीन-चार वर्षांपूर्वी अपील अचानक सुनावणीसाठी बोर्डावर आलं. भोरच्या वकिलांनी त्याच्या मुलाला सांगितलं की एवढी वर्षं गेली, माणूस सुधारला, ज्याला मारलं त्याची सेवा करतो, हे सगळं मांडता येईल. पण जखमी माणसानं स्वतः सांगितलं पाहिजे की माझी आता तक्रार नाही. मग कोर्ट कदाचित भोगली तेवढीच शिक्षा पुरे म्हणेल. नाहीतर सात वर्षं.

आधी त्याची बायको आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी सुट्टीला घरी होते. ती काही न बोलता दादांच्या पायांवर पडली आणि पाय धरून रडायला लागली. दादांनी तिला थोडं रडू दिलं.

"पायाला हात लावू नगंस," मग ते म्हणाले. "मला त्यातलं काय कळत न्हाई. तुज्या मालकाला इचार, त्याला ठावं हाय का ते."

मग सरपंच आले, बरोबर गावातली दोन जाणती माणसं. चहा झाला. सरपंच म्हणाले, "दादा, सात वरसाची सजा व्हती. त्यानं वीस वर्सं काढली तुमच्या दारात. ह्याच्यापरीस आनखी काय पायजे?"

दादांना मुद्दा मांडता यायचा. त्यांचं डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं. ते म्हणाले, "ती सजा सरकारनं सांगितली. हितलं त्यानं सोताच्या मनानं केलं. त्याला कुणी सांगितलं व्हतं ये म्हनून? म्या? म्या थुकलो त्याच्या तोंडावर. दोन्ही येका मापात कशी धरता?"

"पन सुदारला न्हवं मानूस."

"सुदारला, म्या कुठं न्हाई म्हनतो? चांगला मानूस झाला. आता चांगल्या मानसानं जेलात जावं. त्या टायमाला दारुडा गेला असता, त्याला काय कळलं असतं?"

सरपंचांनी कप खाली ठेवला. दादांनी पुढं म्हटलं, "सांज झाली की तो आपल्या पायानं घरी जातो. रोज जातो. येवढी वर्सं म्या त्याची पाठ बघतोय जाताना. तुमी बसा की माझ्या जागी येक दिस."

लोक गेल्यावर आई म्हणाली, "तो गेला तर तुमास्नी उचलनार कोन?"

"कोन न्हाई."

"म्हंजी म्या."

"म्हंजी तू," दादा म्हणाले, आणि भिंतीकडं मान वळवली.

मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे. त्याला जेलात पाठवू नका, म्हणाले असते. त्यात न्यायबिय काही नव्हतं. आईच्या गुडघ्यांचं दुखणं मी बघत होते आणि मला भोरहून रोज येता येणार नव्हतं. लोक शिक्षेबद्दल बोलतात, सुधारण्याबद्दल बोलतात. आमच्या घरात प्रश्न होता मोरीपर्यंत कोण नेणार.

मी त्याच्याकडं गेले. तो गोठ्यात शेण काढत होता. मी म्हटलं, तुम्ही स्वतः दादांना एकदा विचारा. मी त्याला तुम्ही म्हणाले याचं त्याला आश्चर्य वाटलं असावं, कारण तो ताठ झाला आणि त्यानं हात धुतले.

"म्या इचारनार न्हाई," तो म्हणाला. "आन् वकिलाला पन सांगितलंय, सेवेचं काय बोलू नगा."

"का? खरं आहे ते."

"खरं हाय, पन..." त्यानं ओले हात शर्टाला पुसले. "ताई, तितं सात म्हंजी सातच असत्यात. मोजून देत्यात. तुमच्या घरात किती, ते कुनी सांगितलंच न्हाई मला. पयल्यांदा वाटलं, वरीसभर. मग वाटलं, त्यांचा राग उतरंपतूर. तो उतरत न्हाई. मला जाऊ द्या."

इतकी वर्षं मी त्याला पश्चात्ताप झालेला माणूस समजत होते. तसा तो होताही. पण तो थकलाही होता, आणि आमच्या घरातून बाहेर पडायला त्याला जेलशिवाय दुसरं दार सापडलं नव्हतं. मी म्हटलं, "आणि माझ्या आईचं काय?" त्यानं फावडं उचललं आणि पुन्हा शेण ओढायला लागला.

पोलीस घरी येऊन दादांचा जबाब घेऊन गेले. दादांनी तो एका वाक्यात दिला: सजा व्हावी. अपील फेटाळलं गेलं. हजर व्हायला थोड्या आठवड्यांची मुदत मिळाली. त्या आठवड्यांत तो एक दिवसही चुकला नाही आणि दादा एक दिवसही मऊ पडले नाहीत.

जायच्या दिवशी तो नेहमीसारखा सकाळी आला. त्याचा मुलगा मोटरसायकल घेऊन खाली रस्त्यावर थांबला होता, त्याला नसरापूरला एसटीला सोडायला. मी मुद्दाम घरी आले होते. दादा म्हणाले, "आज नीट धू. सात वर्सांचं धू."

त्यानं धुतलं. मोरीतून पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. कानामागं, बोटांच्या बेचक्यांत, सगळीकडं साबण लावला. दादांना एका कुशीवर केलं, पाठीला खोबरेल चोळलं, आणि आईला हाक मारून दाखवलं, कुशीवर कसं वळवायचं, उशी कुठं द्यायची, माकडहाडाशी कातडी लाल दिसली तर काय करायचं. आई पदर तोंडात धरून बघत होती. दादा डोळे मिटून पडले होते. सगळं झाल्यावर त्यानं दादांना ओट्यावर आणून बसवलं आणि समोर उभा राहिला.

"येतो," तो म्हणाला.

दादा रस्त्याकडं बघत होते. गडावर जाणाऱ्यांच्या मोटारी चालल्या होत्या. "बाजूला हो," ते म्हणाले, "मला दिसत न्हाई."

तो बाजूला झाला आणि उतरून गेला. संध्याकाळी दादांना आत घ्यायला आम्ही दोघी होतो. दाराच्या उंबऱ्यावर ते आमच्या हातांतून सुटले आणि त्यांचं डोकं चौकटीला लागलं. ते हसले. आईनं त्यांना तसंच तिथं ठेवलं आणि अंगणात जाऊन बसली. मी एकटीनं घोंगडीवरून ओढत त्यांना आत नेलं.

पुढचं सगळं लवकर झालं. पगारी माणूस ठेवला, तो पंधरा दिवसांत पळाला. दादांनी त्याच्यावरही तेच खेळ केले, पण तो काही कुणाचं देणं लागत नव्हता. दुसरा मिळाला नाही. आई एकटीनं वळवायची, जमेल तेवढं. माकडहाडाशी आधी रुपयाएवढी जखम झाली, मग मुठीएवढी, मग आतलं हाड दिसायला लागलं. दवाखान्यात ठेवलं, परत आणलं. घरात शिरताना नाकाला पदर लावावा लागायचा. दादांना दुखत नव्हतं. ताप चढला की मात्र भ्रम व्हायचा. तेव्हा ते हाका मारायचे, आणि आम्हाला वाटलं होतं की ते पहार म्हणतील. ते त्याचं खरं नाव घ्यायचे. आई ऐकायची आणि हातातलं काम चालू ठेवायची. थंडीत एका पहाटे ते गेले.

आईच्या कमरेत त्या वर्षात उसण भरली ती कायमची. आता ती वाकूनच चालते.

गेल्या उन्हाळ्यात तो जेलातून रजेवर आला. दुसऱ्याच दिवशी आमच्या अंगणात. मी आईजवळ दारात बसून तांदूळ निवडत होते. त्यानं आईला नमस्कार केला. खाली बस असं त्याला कुणी म्हटलं नाही.

"दादा गेल्याचं पोरानं सांगितलं," तो म्हणाला. "कसं गेलं?"

आईनं त्याला सांगितलं. पाणी न विचारता, उभाच ठेवून. पहिल्या लाल डागापासून सुरुवात केली. जखम किती खोल होती ते बोट दाखवून सांगितलं. वास कसा यायचा, किडे कसे झाले, ते चिमट्यानं कसे काढले. भ्रमात कुणाचं नाव घ्यायचे तेही सांगितलं, आणि ते सांगताना पहिल्यांदाच वर बघितलं. मधे एकदा तो "बास" म्हणाला. आई थांबली नाही. मी तिला थांबवलं नाही.

सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "किती ऱ्हायली?"

"चार आन् थोडं."

"काड मग."

त्यानं पुन्हा हात जोडले आणि पायऱ्या उतरला. आई भिंतीला धरून उठली आणि तो बांधावरून वळेपर्यंत त्याच्याकडं बघत राहिली. मग माझ्याजवळ येऊन सूप पुढ्यात ओढलं.

"जाडा झालाय," ती म्हणाली.